संगणकावरील हलतीं चित्रें : नवशिक्यानें आरंभ कोठून करावा ?

शहरांतील सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवी हौस वारंवार बोलून दाखविली जाऊं लागली आहे. पूर्वीं घरांतील एखादें मूल चित्रकलेच्या परीक्षांना बसे, एखादें पेटी किंवा सतार शिके; त्या हौसांच्या जोडीला आतां संगणकावर हलतीं चित्रें तयार करण्याची, म्हणजेच ॲनिमेशनची, हौस येऊन बसली आहे. ती केवळ मुलांनाच असते असें नाहीं. नोकरींत स्थिरावलेले तरुण, घरकामांतून थोडी उसंत मिळालेल्या गृहिणी, सेवानिवृत्त गृहस्थ यांनाही ती लागलेली दिसते. परंतु हौस बोलून दाखवितांच घरांत दोन प्रश्न उभे राहतात. वडील मंडळी विचारतात कीं, यास खर्च किती, आणि याला शिक्षण म्हणावें कीं खेळ ? हौशी माणसाचा स्वतःचा प्रश्न निराळाच असतो : आरंभ कोठून करावा ? या तिन्ही प्रश्नांचें उत्तर बव्हंशीं एकाच ठिकाणीं सांपडतें, आणि तें ठिकाण म्हणजे उसळणारा एक साधा चेंडू होय. तें कसें, हें सांगण्याचा या भाषणाचा उद्देश आहे.

प्रथम हलतें चित्र म्हणजे काय, हें स्पष्ट झालेलें बरें. खरें पाहतां पडद्यावरील कोणतेंही चित्र हलत नाहीं. चित्रपटांत दर सेकंदाला २४ स्थिर चित्रें एकामागून एक डोळ्यांपुढून जातात. प्रत्येक चित्र आधींच्या चित्राहून किंचित् निराळें असतें, आणि तीं इतक्या त्वरेनें बदलतात कीं मनाला त्यांतील खंड जाणवत नाहीं. अशा एकेका चित्रास फ्रेम म्हणतात. दहा सेकंदांच्या दृश्याला २४० फ्रेम लागतात. जिवंत नटाचें चित्रण करतांना कॅमेरा त्या आपोआप टिपतो. ॲनिमेशनमध्यें मात्र प्रत्येक फ्रेममध्यें काय दिसावें, हें कोणीतरी ठरवावें लागतें.

ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा आणल्यावर, ‘राजा हरिश्चंद्र’ हातीं घेण्यापूर्वीं, एक लहानसा प्रयोग केला. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यापुढें ठेवला, ठराविक अंतरानें एकेक फ्रेम टिपली, आणि महिन्याहून अधिक काळ चाललेली रोपाची वाढ सुमारें एका मिनिटांत पडद्यावर दाखविली. ‘अंकुराची वाढ’ या नांवानें तो प्रयोग ओळखला जातो. चित्रपटासाठीं भांडवल मिळविण्याच्या कामीं फाळके यांना या एका मिनिटाचाच उपयोग झाला. नवशिक्यानें या हकीकतींतील एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फाळके यांच्या मनांत पौराणिक कथेचा मोठा पट होता. परंतु त्यांनीं आरंभ केला तो एका दाण्यापासून, आणि तो लहान प्रयोग शेवटास नेला.

आतां संगणकाचा यांत संबंध कोठें येतो तें पाहावें. हातानें चित्रें काढण्याच्या काळांत, विशेषतः अमेरिकेंतील डिस्ने यांच्या चित्रशाळेंत, या कामाची वांटणी झालेली असे. मुख्य चित्रकार हालचालींतील महत्त्वाच्या अवस्था तेवढ्या काढी. म्हणजे माणूस खुर्चीवर बसलेला, उठण्यासाठीं पुढें वांकलेला, आणि शेवटीं उभा राहिलेला. या अवस्थांच्या चित्रांना कीफ्रेम म्हणतात. त्यांच्या मधलीं अनेक चित्रें भरून काढण्याचें काम सहायकांकडे असे. संगणकानें माणसाच्या हातून जें काम घेतलें, तें मुख्यतः या सहायकांचें. पहिली अवस्था व शेवटची अवस्था त्याला सांगितली म्हणजे मधल्या सर्व अवस्था तो गणितानें काढून देतो.

ही सोय सहजासहजीं हातीं आली नाहीं. युटा विद्यापीठांत एडविन कॅटमल व फ्रेड पार्क या विद्यार्थ्यांनीं १९७२ सालीं संगणकाच्या साह्यानें हलणारा एक हात चित्रित केला. त्यासाठीं कॅटमल यांनीं आपल्या डाव्या हाताची प्रतिकृति केली आणि तिच्या पृष्ठभागावर सुमारें ३५० त्रिकोण व बहुकोन शाईनें आंखले; त्यांच्या कोपऱ्यांचीं मापें संगणकाला दिलीं, तेव्हां कोठें तो हात पडद्यावर उमटला. पुढें तेवीस वर्षांनीं, १९९५ सालीं, ‘टॉय स्टोरी’ हा सर्वस्वीं संगणकावर घडविलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट प्रदर्शित झाला. ज्या पिक्सार संस्थेनें तो काढला, तिच्या संस्थापकांत हेच कॅटमल होते. एके काळीं ज्यासाठीं विद्यापीठाची प्रयोगशाळा लागे, तें साधन आतां घरांतील टेबलावर येऊन बसलें आहे.

येथें खर्चाच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. ‘ब्लेंडर’ या नांवाचें एक सॉफ्टवेअर आहे. त्यांत आकार घडविणें, ते हलविणें, त्यांवर उजेड पाडणें व शेवटीं चित्रपट तयार करणें, हीं सारीं कामें होतात, आणि तें विनामूल्य मिळतें. नेदरलंड्समधील टॉन रोसेनडाल यांनीं १९९४ सालापासून त्याची घडण चालविली होती. २००२ सालीं त्यांची कंपनी बंद पडली, आणि हें सॉफ्टवेअरही तिच्याबरोबर लयाला जाण्याची वेळ आली. गुंतवणूकदारांनीं एक लाख युरो घेऊन हक्क सोडण्याचें मान्य केलें; रोसेनडाल यांनीं वापरणाऱ्यांनाच आवाहन केलें, आणि ती रक्कम अवघ्या सात आठवड्यांत वर्गणीनें जमली. १३ ऑक्टोबर २००२ रोजीं ब्लेंडर सर्वांसाठीं मुक्त झालें. कोणीही तें घ्यावें, वापरावें, इतरांस द्यावें, त्यांत सुधारणाही करावी, असा त्याचा परवाना आहे. घरीं बऱ्यापैकीं चालणारा संगणक असेल तर आरंभींच्या अभ्यासास निराळा पैसा खर्चण्याचें कारण नाहीं.

साधन असें फुकट मिळूं लागल्यामुळें एक मोठा गैरसमज मात्र पसरला आहे. संगणक मधलीं चित्रें काढून देतो, त्या अर्थीं हालचालही तोच करून देत असला पाहिजे, असें नवशिक्यास वाटतें. हा गैरसमज घालविण्यास चेंडूसारखा गुरु नाहीं.

ब्लेंडर उघडतांच पडद्यावर एक ठोकळा, एक दिवा व एक कॅमेरा दिसतो. ठोकळा काढून तेथें एक गोल ठेवावा, आणि त्याच्या खालीं जमीन म्हणून एक सपाट पत्रा पसरावा. खालच्या बाजूस फ्रेमचे अंक मांडलेली काळाची पट्टी असते. पहिल्या फ्रेमवर चेंडू जमिनीपासून चार फूट उंच ठेवून तेथें कीफ्रेम करावी; तेराव्या फ्रेमवर चेंडू जमिनीस टेकवून दुसरी कीफ्रेम करावी; पंचविसाव्या फ्रेमवर तो पुन्हा वर नेऊन तिसरी करावी. मधल्या साऱ्या फ्रेम संगणक भरून देतो. मग चित्र चालवून पाहावें. चेंडू खालीं येतो, वर जातो. कोणतीही चूक घडलेली नाहीं. आणि तरीही तें दृश्य पाहून लहान मूलसुद्धां म्हणेल कीं हा चेंडू नव्हे. दोऱ्याला बांधून कोणी तो हळूच खालीं सोडावा आणि हळूच वर ओढून घ्यावा, तसा तो दिसतो. जमिनीजवळ येतांच तो मंद होतो, जणूं तिला लागूं नये म्हणून जपतो.

याचें कारण असें. दोन कीफ्रेममधील प्रत्येक हालचाल संथपणें सुरू करावी व संथपणें थांबवावी, अशी संगणकाची ठरलेली रीत असते. ती रीत अनेक हालचालींना शोभते. परंतु पडणाऱ्या चेंडूला ती अगदीं उलट बसते. चेंडू जमिनीला टेकण्याच्या क्षणींच सर्वांत वेगवान् असतो. इटलींतील गॅलिलिओनें सतराव्या शतकांत पडणाऱ्या वस्तूचा नियम मांडला. शाळेंत तो सर्वांनीं पाठ केलेला असतो, पण त्याचा उपयोग कोठें करावा हें क्वचितच कोणी सांगतें. तो उपयोग येथें आहे. सुटलेली वस्तू पहिल्या अर्ध्या सेकंदांत, म्हणजे बारा फ्रेमच्या काळांत, सुमारें चार फूट पडते. या बारा फ्रेमचे तीन तीन फ्रेमचे चार सारखे भाग केले तर पहिल्या भागांत ती तीन इंच पडते, दुसऱ्यांत नऊ, तिसऱ्यांत पंधरा आणि चौथ्यांत एकवीस. बेरीज बरोबर अठ्ठेचाळीस इंच. एक, तीन, पांच, सात असें हें प्रमाण आहे. हात सुटतांच चेंडू क्षणभर हवेंत रेंगाळतो आणि शेवटीं झेंप घेतो, असें जें डोळ्यांना वाटतें, त्याचें मूळ या चार अंकांत आहे.

ब्लेंडरमध्यें हालचालीचा आलेख पाहण्याची सोय आहे. चेंडूची उंची व काळ यांची ती रेघ असते. प्रथम ती वर व खालीं दोन्हीकडे गोलसर, लाटेसारखी दिसते. वरचा गोलवा तसाच ठेवून, खालीं जमिनीवर टेकण्याच्या ठिकाणीं तिला कोयरीच्या टोंकासारखें अणकुचीदार करावें लागतें. एवढा एक फेरफार केला कीं चेंडू एकाएकीं पडूं लागतो. नवशिक्याला या कलेचा पहिला खरा आनंद या ठिकाणीं मिळतो, कारण संगणकाला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यानें त्याला शिकविलेली असते.

यापुढील पायरी उसळीची. खरा चेंडू पूर्वीच्या उंचीवर परत जात नाहीं. कांहींसा मऊ पडलेला चेंडू चार फुटांवरून पडून एक फूट उसळला असें धरलें, तर उंची चौथाई झाली म्हणून काळही चौथाई होतो असें नव्हे. तो निम्मा होतो. चार फूट पडण्यास बारा फ्रेम लागल्या, तर एक फूट चढण्यास सहा व उतरण्यास सहा लागतात; त्यानंतरची तीन इंचांची उसळी तीन फ्रेममध्यें चढते व तीनमध्यें उतरते. म्हणजे तेराव्या, पंचविसाव्या व एकतिसाव्या फ्रेमवर चेंडू जमिनीला टेकलेला असतो. सव्वा सेकंदाचा हा सारा खेळ आहे. पण तो बरोबर साधला तर ‘टप्, टप्‌टप्’ असा आवाज न ऐकतांही ऐकूं येतो.

आतां चेंडूच्या जागीं लोखंडी गोळा कल्पावा. त्याला पडण्यास किती फ्रेम द्याव्या ? पुष्कळ नवशिके गोळा जड म्हणून तो लवकर पाडतात. परंतु चार फूट पडण्यास त्यालाही बाराच फ्रेम लागतात. वजनाचा फरक पडण्यांत दिसत नाहीं. तो आपटल्यानंतर दिसतो. गोळा जेमतेम हलतो व बसतो. रबरी चेंडू पुन्हा पुन्हा उसळतो. आंत हवा भरलेला हलका फुगा मात्र हवेला अडखळत सावकाश उतरतो. पडद्यावरील वस्तूला खरोखर वजन नसतें. ती कशी थांबते यावरूनच पाहणारा तिचें वजन ठरवितो. हें ज्याला चेंडूवरून उमगलें, त्याला पुढें दगड उचलणारा माणूस किंवा पायऱ्या चढणारी म्हातारी दाखविण्याची किल्ली मिळाली असें समजावें.

रबरी चेंडू जमिनीला लागतांना दबतो व वेगांत असतांना किंचित् लांबट दिसतो, हाही एक जुना नियम आहे. मात्र दाबतांना त्याचा एकंदर ऐवज बदलूं नये. पोळपाटावर कणकेचा गोळा तळहातानें दाबला तर तो पसरतो, पण कणीक तेवढीच राहते. उंची कमी केली तर रुंदी त्या मानानें वाढविलीच पाहिजे. नाहींतर चेंडू दबल्यासारखा न दिसतां लहान झाल्यासारखा दिसतो. डिस्ने यांच्याकडील फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन या दोघां जुन्या चित्रकारांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असे बारा नियम नोंदविले आहेत. उडी मारण्यापूर्वीं माणूस आधीं खालीं बसतो, दांडू मारण्यापूर्वीं हात मागें जातो. ही पूर्वतयारी दाखविल्यावांचून क्रिया पटत नाहीं. अंग थांबल्यावरही पदर, वेणी किंवा शेपूट थोडी पुढें जाऊन मग थांबते. हात सरळ रेषेंत न फिरतां कमानींतून फिरतो. हे नियम पेन्सिलीच्या काळांतले. परंतु संगणक आल्यानें त्यांतील एकही रद्द झालेला नाहीं.

याचा पुरावा १९८६ सालीं जगापुढें आला. डिस्ने यांच्याकडे तयार झालेले चित्रकार जॉन लॅसिटर यांनीं पिक्सार संस्थेसाठीं ‘लक्सो ज्युनियर’ नांवाचा सुमारें दोन मिनिटांचा पट केला. त्यांत टेबलावरील एक मोठा दिवा, एक छोटा दिवा आणि एक चेंडू, एवढींच पात्रें आहेत. दिव्यांना तोंड नाहीं, डोळे नाहींत, बोलणें नाहीं. छोटा दिवा चेंडूवर उड्या मारतो, चेंडूंतील हवा जाते, तो खट्टू होऊन निघून जातो, आणि थोड्या वेळानें त्याहून मोठा चेंडू घेऊन येतो. अमेरिकेंतील डल्लास येथें संगणकतज्ज्ञांच्या परिषदेंत हा पट दाखविला गेला. त्यानंतर जिम ब्लिन हे प्रख्यात तज्ज्ञ लॅसिटर यांच्याकडे आले. सावल्या कोणत्या गणितानें पाडल्या, असा कांहीं प्रश्न ते विचारतील अशी लॅसिटर यांची समजूत होती. पण ब्लिन यांनीं विचारलें कीं, तो मोठा दिवा आई आहे कीं वडील? गणितांत मुरलेला माणूस गणित विसरला आणि दिव्याच्या घरांत शिरला, यांतच त्या पटाचें यश होतें. हा पट ऑस्कर पारितोषिकाच्या स्पर्धेसाठीं निवडला गेला, आणि पुढच्याच वर्षीं लॅसिटर यांनीं हातानें काढलेल्या चित्रांचे नियम संगणकाला कसे लागू पडतात, हें एका निबंधांत मांडलें.

येथवर जें सांगितलें त्यावरून पहिल्या तीन महिन्यांचा एक साधा अभ्यासक्रम आंखतां येईल. संगणकाला हात लावण्यापूर्वीं आठ दिवस कागदावर काम करावें. जाड वहीच्या कोपऱ्यांवर पडणाऱ्या चेंडूचीं चित्रें काढून पानें अंगठ्यानें भरभर सोडलीं म्हणजे चेंडू हलतो. फ्रेम म्हणजे काय हें अशा वहीनें जितकें समजतें तितकें व्याख्यानानें समजत नाहीं. मग पहिला महिना केवळ चेंडूचा : एकाच जागीं उसळणारा, नंतर पुढें सरकत उसळणारा, नंतर लोखंडी गोळा, नंतर फुगा. दुसऱ्या महिन्यांत लंबक, टांगलेली सांखळी व शेपूट लावलेला चेंडू घ्यावा. मागाहून येणारी हालचाल यांत कळते. तिसऱ्या महिन्यांत माणसाचें चालणें घ्यावें. लष्करी चालींत एका पावलास सुमारें बारा फ्रेम लागतात. पाऊल टेकलें, गुडघा वांकून अंग खालीं गेलें, दुसरा पाय पुढें जातांना अंग सरळ झालें, मग किंचित् उंचावलें, अशा चार अवस्था प्रत्येक पावलांत असतात. यासाठीं माणसाची आकृति स्वतः घडविण्याची गरज नाहीं. आयत्या आकृति विनामूल्य मिळतात, आणि अभ्यास चालण्याचा असल्यानें त्यांत कमीपणा नाहीं.

या तिन्ही महिन्यांत संगणकाइतकेंच काम डोळ्यांनीं करावें. भरलेली बादली एका हातांत घेऊन जाणारी बाई दुसऱ्या बाजूला झुकते आणि मोकळा हात अंगापासून दूर धरते. बसमध्यें उभा असलेला माणूस गाडी थांबण्याच्या आधींच पाय रोवतो. मांजर उडी मारण्यापूर्वीं मागचें अंग हलवून जागा घेतें. या गोष्टी रोज समोर घडतात. पण त्या चित्रांत उतरविण्याची वेळ आली म्हणजे मनांत कांहींच सांपडत नाहीं. त्यासाठीं खिशांत लहान वही ठेवावी. घरांतील फोनच्या कॅमेऱ्यानें स्वतःच उठण्याबसण्याचें चित्रण करून तें एकेका फ्रेमनें पुढें सरकवीत पाहावें. गाणारा जसा कान तयार करतो, तसा येथें डोळा तयार व्हावा लागतो.

नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, मोठी कथा घेऊन बसणें. अर्ध्या तासाचा युद्धपट मनांत धरून पहिल्याच आठवड्यांत राक्षसाचें शिरस्त्राण घडवावयास घेतलें जातें, आणि महिन्यानें सारेंच अर्धवट राहतें. अर्ध्या तासाला ४३,२०० फ्रेम लागतात, एवढा गुणाकार आधींच केला असता तर ही निराशा टळली असती. दुसरी चूक, सामग्री म्हणजेच विद्या असें मानणें. महागडा संगणक आणि चित्रें काढण्याची पाटी विकत घेतल्यानें चेंडू बरोबर पडत नाहीं. तिसरी, दर महिन्याला सॉफ्टवेअर बदलणें. चौथी चूक सर्वांत नाजूक आहे : जगांतील उत्तमोत्तम चित्रपटांशीं आपल्या पहिल्या चेंडूची तुलना करून खचून जाणें. त्या चित्रपटांखालीं शेंकडो माणसांचीं नांवें असतात, आणि त्यांतील प्रत्येकानें केव्हांतरी पहिला वाईट चेंडू केलेला असतो.

या संबंधांत लाटव्हिया या लहान देशांतील गिंट्स झिल्बालोडिस यांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. त्यांनीं २०१२ सालीं, विद्यार्थिदशेंत, पाण्याला भिणाऱ्या एका मांजराचा लहानसा पट हातानें चित्रें काढून केला. त्याचें नांव ‘ॲक्वा’. पुढें आणखी कांहीं लहान पट केल्यावर त्यांनीं ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट संगणकावर एकट्यानें तयार केला. तो २०१९ सालीं प्रदर्शित झाला. त्यानंतर पुन्हा त्या पाण्याला भिणाऱ्या मांजराकडे वळून, सहकाऱ्यांच्या मदतीनें, त्यांनीं ‘फ्लो’ हा चित्रपट केला. तो २०२४ सालीं प्रदर्शित झाला. त्यांत एकही संवाद नाहीं. जें कळतें तें केवळ प्राण्यांच्या हालचालींवरून कळतें. हा चित्रपट ब्लेंडरमध्यें केलेला असून त्याच्या अंतिम फ्रेम दिग्दर्शकाच्या स्वतःच्या संगणकावर तयार झाल्या. मार्च २०२५ मध्यें त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. विनामूल्य साधनानें काय होऊं शकतें हें यावरून दिसतें. परंतु पहिला लहान पट आणि पारितोषिक यांच्यामध्यें बारातेरा वर्षें गेलीं, हेंही त्याबरोबरच सांगितलें पाहिजे.

आतां एक शंका उरते, आणि ती आजच्या काळांत अगदीं रास्त आहे. एक वाक्य लिहून दिलें असतां क्षणांत हलतें चित्र तयार करून देणारीं यंत्रेंही गेल्या कांहीं वर्षांत निघालीं आहेत. मग चेंडूपाशीं महिनामहिना कां घालवावा ? या शंकेचें उत्तर पहिल्या प्रयोगांतच आहे. संगणकानें आपल्या रीतीप्रमाणें चेंडू हलवून दिला होता. तो चुकीचा आहे हें यंत्रानें सांगितलें नाहीं, पाहणाऱ्या डोळ्यानें सांगितलें. मात्र त्यांत नेमकें काय चुकलें व तें कसें सुधारावें, हें ज्यानें चेंडू स्वतः घडविला होता त्यालाच कळलें. यंत्र जितकें अधिक करून देईल, तितकें त्याच्या कामाची पारख करणाऱ्याचें महत्त्व वाढेल. आणि पारख ही विकत मिळणारी वस्तू नाहीं. या धंद्याचें पुढें काय होईल, किती नोकऱ्या राहतील व किती जातील, याचें भविष्य कोणी छातीठोकपणें वर्तवूं नये. पण ज्याची नजर तयार झाली आहे, तो त्या बदलांत अगदींच रिक्तहस्त राहणार नाहीं.

शेवटीं वडील मंडळींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळावें. हें शिक्षण कीं खेळ, याचा निर्णय जाहिरात पाहून करूं नये, आणि एखाद्या वर्गाची जबर फी भरून तर मुळींच करूं नये. फी एकदां भरली कीं घराची अब्रू त्यांत गुंतते, आणि आवड नसलेलें मूल केवळ पैशांच्या भीतीनें वर्ष काढतें. त्याऐवजीं फी भरण्यापूर्वीं तीन महिने घरींच द्यावे. चेंडू, लंबक आणि चालणें, एवढेंच त्या मुलानें करावें. रोज तासभर पुरे. महिन्याच्या शेवटीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून त्याचें काम पाहावें, आणि स्तुति किंवा निंदा न करतां एकच प्रश्न विचारावा : हा चेंडू कशाचा आहे, रबराचा, लोखंडाचा कीं कागदाचा ? पाहणाऱ्यांनीं अचूक ओळखलें तर अभ्यास बरोबर चालला आहे. ओळखतां आलें नाहीं, आणि तरीही मूल दुसऱ्या दिवशीं आपण होऊन पुन्हा त्याच चेंडूपाशीं बसलें, तर तें लक्षण ओळखतां येण्याहूनही अधिक आशेचें समजावें. आणि तीन महिन्यांत त्याला कंटाळा आला, तर घरानें कांहीं गमावलें असें नाहीं. त्याला एवढें कळलें कीं ही आपली वाट नव्हे. पडणारी वस्तू कशी पडते हेंही तें यापुढें निराळ्या नजरेनें पाहील.

ज्या घरांत अशी हौस बोलून दाखविली जात आहे, त्या घरानें आज सायंकाळीं संगणक उघडण्याची घाई करूं नये. एक रबरी चेंडू आणावा, चार फुटांवरून सोडावा, आणि तो किती वेळां व कसा उसळतो, हें लहानथोरांनीं मिळून पाहावें. आरंभ तेथून होतो.